गॅरेजातली व्याख्यानमाला

२०२३ सालच्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती, प्रवेशाची गडबड चालू होती आणि बाहेर पावसाने धार धरली होती. अशा वेळी तीन माजी विद्यार्थी छत्र्या झटकत माझ्या खोलीत आले. दोन मुलगे, एक मुलगी. तिघेही संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला. करोनाच्या साथीत घरून काम करण्यासाठी म्हणून गावी आले, ते इथेच राहिले. मुलगी म्हणाली, "सर, एका रविवारी शाळेचा हॉल मिळेल का? पायथनची मीटअप घ्यायची आहे."

पायथन म्हणजे अजगर, एवढे इंग्रजी मला येते. ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा आहे आणि तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून पडले आहे, हे त्यांनी मला समजावले. मीटअप म्हणजे काय, तर ती भाषा वापरणाऱ्या गावातल्या लोकांनी एकत्र जमायचे, एकाने उभे राहून एखादा तांत्रिक विषय तासभर सांगायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, मग चहा. मी विचारले, "फी किती?" फी नाही. "बोलणाऱ्याला मानधन?" नाही. "निदान प्रमाणपत्र?" तेही नाही. "मग लोक येतील कशाला?" यावर तिघे एकमेकांकडे पाहू लागले. फी नाही, मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, त्या अर्थी यामागे कुठल्या तरी क्लासची जाहिरात असणार, असा हिशेब मी मनाशी केला आणि हॉल रंगकामासाठी बंद आहे असे सांगून त्यांना वाटेला लावले. हॉलला रंग द्यायचा होता हे खरे. पण तो दिवाळीच्या सुट्टीत.

दारातून वळून मुलगी एवढेच म्हणाली, "सर, ॲपलचा पहिला संगणक अशाच एका मीटिंगमध्ये लोकांनी पाहिला होता." ती कधी काळी माझ्या इतिहासाच्या तासाला पहिल्या बाकावर बसत असे. पुरावा न देता तिने विधान केले होते. पुरावा शोधणे माझ्याकडे आले. तो शोधता शोधता जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे. मी संगणकाचा जाणकार नाही. पण माणसे एकत्र का जमतात, जमल्यावर काय करतात आणि त्यातून काय उरते, हा तर इतिहासाचाच विषय आहे.

गोष्टीची सुरुवात गॅरेजाच्या अकरा वर्षे आधी, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजात होते. तिथे जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. केमेनी मूळचा बुडापेस्टचा. लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत आलेला आणि तरुणपणी काही काळ आइन्स्टाइनचा साहाय्यक राहिलेला. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. त्याला हात लावण्याचा अधिकार थोड्यांना, आणि त्याच्याशी बोलण्याच्या भाषाही त्या थोड्यांनाच येणाऱ्या. या दोघांचे म्हणणे असे की, इतिहास नि वाङ्मय शिकणाऱ्या मुलांनासुद्धा संगणकाशी बोलता आले पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक सोपी भाषा रचली. छाप, वाच, असे असेल तर तिकडे जा, अशा अर्थाचे इंग्रजीतले साधे शब्द, तेही मोजून चौदा-पंधरा. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता त्या भाषेतल्या आज्ञावल्या पहिल्यांदा चालल्या. भाषेचे नाव बेसिक. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात ज्यांनी 'कॉम्प्युटर क्लास'ची पायरी चढली, त्यांनी दहा, वीस, तीस असे आकडे घालून ओळी लिहिल्या असतील. ती हीच भाषा. तिच्या कर्त्यांनी वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, हे लक्षात ठेवावे. पुढच्या भांडणात त्याला महत्त्व आहे.

आता १९७५ साल. जानेवारीच्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाच्या एका पेटीचे चित्र आले. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावची मिट्स ही छोटी कंपनी चारशे डॉलरच्या आसपास किमतीत संगणकाचे सुटे भाग टपालाने पाठवणार आणि गिऱ्हाइकाने ते घरी डाख देऊन जोडायचे, असा तो सौदा. संगणक घरी, स्वतःच्या मालकीचा! कंपनीकडे हजारो मागण्या येऊन पडल्या. पण पेटी जोडून झाल्यावर करायचे काय? तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या बाजूला खटक्यांची रांग आणि तांबड्या दिव्यांची रांग, बस्स. आज्ञा द्यायची तर खटके वर-खाली करत एकेक आकडा आत ढकलायचा. तिची स्मरणशक्ती २५६ बाइटची. आज देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला संगणकाला साधारणपणे तीन बाइट लागतात. या हिशेबाने त्या पेटीत या परिच्छेदाचे धड दुसरे वाक्यही मावले नसते.

ज्या वस्तूचे काय करायचे ते कुणालाच नीट ठाऊक नाही, तिच्यासाठी माणसे एकमेकांना शोधू लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मेन्लो पार्क नावाचे गाव आहे. तिथे बॉब आल्ब्रेख्त नावाच्या गृहस्थांनी 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' चालवली होती. नावात कंपनी असली तरी तो खरे म्हणजे एक उपक्रम होता. मुलांनी यावे, बेसिकमध्ये खेळ लिहावेत, एक चित्रविचित्र वार्तापत्र काढावे, आणि बुधवारी संध्याकाळी मोठ्यांनी आपापला पदार्थ घेऊन यावे नि बोलत बसावे. आपली अंगतपंगतच ती. या अंगतपंगतीत फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच या दोघांची ओळख झाली. फ्रेंच अभियंता होता. मूर मात्र अगदी वेगळ्या जातकुळीतला माणूस, आणि या सगळ्या इतिहासात माझे मन त्याच्यावर जडले आहे.

मूरचे वडील हवाईदलात अधिकारी. हा मुलगा १९५९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा तिथे विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण सक्तीचे होते. त्याने ते नाकारले आणि विद्यापीठाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसला. वय अठरा. त्या काळात अमेरिकन विद्यार्थ्याने असे करणे ही नवलाईची गोष्ट होती. आपल्याला ती नवी वाटत नाही एवढेच. पुढे सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देऊन त्याने तुरुंगवासही भोगला. पैशाविषयी त्याच्या मनात इतकी अढी होती की, १९७१ मध्ये एका समारंभात काही हजार डॉलरची रक्कम जमलेल्यांनी रात्रभर वाद घालून शेवटी त्याच्या हवाली केली, तर त्याला ते ओझेच वाटले. पैशापेक्षा माणसांच्या ओळखी हीच खरी पुंजी, असे त्याचे मत. कोणाला काय येते, कोणाला काय हवे आहे, याच्या याद्या तो करत असे. त्या याद्या संगणकावर ठेवता येतील, म्हणून तो संगणकाकडे वळला.

या दोघांनी हाताने लिहिलेले पत्रक काढले. तुम्ही घरी संगणक बनवता आहात का, नसल्यास बनवायची इच्छा आहे का, तर या, भेटू, अशा आशयाचे. बुधवार, ५ मार्च १९७५. रात्री पाऊस पडत होता. फ्रेंचच्या घराच्या गॅरेजात बत्तीस माणसे जमली. काही खुर्च्यांवर, बाकीची सिमेंटच्या जमिनीवर. मध्ये एक अल्टेअर ठेवलेला. बत्तिसांपैकी सहांनी स्वतः काही ना काही यंत्र उभे केले होते. बाकीचे नुसते झपाटलेले. स्टीव्ह डॉम्पिअर नावाचा एकजण तर आपली पेटी कुठे अडकली ते पाहायला थेट आल्बुकर्कीला जाऊन आला होता. त्याने तिथली हकिकत सांगितली. हे त्या मंडळाचे पहिले व्याख्यान म्हणायला हरकत नाही. मंडळाचे नाव 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' पडले. होमब्रू म्हणजे घरी गाळलेली. कशाबद्दल तो शब्द वापरतात, ते वाचकांना सांगायला नको.

गॅरेज म्हटले की आपल्याला दारिद्र्यातून वर आलेल्यांची कथा ऐकायची सवय झाली आहे. इथे जरा थांबले पाहिजे. गॅरेजात फक्त पहिलीच सभा झाली. हे लोक गरीबही नव्हते. जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठ, भोवती इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या, त्या कंपन्यांत शीतयुद्धाच्या काळातला सरकारी पैसा. जमलेल्यांपैकी अनेकजण दिवसा तिथे पगार घेत आणि रात्री सभेला येत. बायका जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा दंतकथेतला शेंदूर थोडा खरवडून काढावा. पण खाली जी मूर्ती उरते, तीही पाहण्यासारखी आहे.

एप्रिलमधल्या सभेत डॉम्पिअरने आपला अल्टेअर आणला आणि जमिनीवर बसून खटके वर-खाली करू लागला. बऱ्याच वेळाने आज्ञावली आत गेली, आणि कुणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला. वीज गेली की पेटी सगळे विसरत असे. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग पेटीजवळ त्याने एक साधा रेडिओ ठेवला. संगणक चालताना त्यातून जी विद्युत्-खरखर बाहेर पडते, ती रेडिओ पकडतो, हे त्याच्या सहज ध्यानात आले होते. कोणती आज्ञा किती वेळ फिरवली की कोणता सूर निघतो, याचा त्याने तक्ता केला होता. रेडिओतून बीटल्सचे एक गाणे वाजू लागले! ज्या पेटीला तोंड नाही ती गायला लागली, म्हणताना सभा उठून उभी राहिली. लोकांनी पुन्हा वाजवायला लावले. तांत्रिक व्याख्यान म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. त्याने एका शब्दाचाही उपदेश केला नाही. मला हे सापडले, ते असे चालते, आता तुम्ही करून पाहा, एवढाच मामला.

सभा दर पंधरवड्याला भरू लागल्या. गर्दी वाढली, जागा बदलत गेल्या, आणि शेवटी स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राचे सभागृह मिळाले. अणूचे अंतरंग शोधणारी ती मोठी संस्था. तिने हौशी लोकांच्या टोळक्याला आपले सभागृह कसे दिले, असा प्रश्न मला साहजिकच पडला. तिथल्या कुणा अधिकाऱ्याने हॉलला रंग द्यायचा आहे असे सांगितले नाही खरे.

या सभा चालवण्याची रीत ली फेल्सेनस्टाइन या सूत्रसंचालकाने बसवली. तो १९६४च्या बर्कलीच्या भाषणस्वातंत्र्य चळवळीतून आलेला. १९७३ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी बर्कलीतल्या एका गाण्यांच्या तबकड्यांच्या दुकानात लोकांसाठी संगणकी सूचनाफलक ठेवला होता. त्याच्या सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागाला तो 'नकाशा काढणे' म्हणे. हातात लांब काठी घेऊन तो ज्याच्याकडे रोखेल, त्याने उठून थोडक्यात सांगायचे : माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवे आहे, माझे घोडे इथे अडले आहे. कुणाला जास्तीचा सुटा भाग विकायचा असे, कुणाला बातमी सांगायची असे, कुणाला मदत हवी असे. कोण काय जाणतो याचा नकाशा असा सभेसमोर तयार झाला की दुसरा भाग. उठा, आणि ज्याच्याशी काम आहे त्याला गाठा. मग सभागृहाचा बाजार होई. तिथून हाकलले की मंडळी 'ओअॅसिस' नावाच्या खानावळीत जाऊन मध्यरात्रीपर्यंत बसत.

आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षे आधी. मराठी माणूस जिथे जिथे गेला, तिथे त्याने वाचनालय आणि व्याख्यानमाला बरोबर नेली. इंदूर, बडोदे, हैदराबाद, आणि आपला सीमाभाग तर आहेच. मी तीस वर्षे व्याख्यानमालांच्या मांडवात बसलो आहे, चारदोनदा व्यासपीठावरही बसलो आहे. आपल्या रीतीत वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात, आभारप्रदर्शन होते आणि "वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत" असे सांगून पडदा पडतो. श्रोत्यांत कोण बसले आहे याचा नकाशा आम्ही कधी काढला नाही. मागच्या रांगेतल्या एखाद्याला वक्त्याहून जास्त माहिती असू शकते, ही शंका आमच्या संयोजकांना शिवत नाही. यात मी स्वतःही आलोच.

आता भाषेकडे येऊ, कारण या क्लबातले सर्वांत मोठे भांडण भाषेवरून झाले. सीमाभागातल्या वाचकाला भाषेवरून भांडण म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पण हे भांडण जरा निराळे.

खटके वर-खाली करण्याला लोक कंटाळले होते. त्यांना बेसिक हवे होते. बेसिक माणसाला कळते, पेटीला कळत नाही. म्हणून मधे एक दुभाषा बसवावा लागतो. तोही एक प्रोग्रॅमच. माणसाची ओळ वाचायची, पेटीच्या आकड्यांत सांगायची. आपल्या तालुका कचेरीत कन्नड अर्ज नि मराठी अर्जदार यांच्यामध्ये जो कारकून बसतो, त्याचे काम. हा दुभाषा अल्टेअरच्या इवल्याशा स्मरणात मावणे ही कसोटी होती. ती बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी पार पाडली. गणिती भागासाठी मॉन्टी डेव्हिडॉफची मदत झाली. त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर अल्टेअरचे सोंग उभे करून त्यांनी काम केले, आणि १९७५च्या वसंतात ॲलन आल्बुकर्कीला गेला तेव्हा खऱ्या पेटीवर तो दुभाषा पहिल्यांदा चालला. सर्वांत लहान आवृत्ती ४ किलोबाइटच्या पेटीत चाले. मघाच्या देवनागरीच्या हिशेबाने म्हणजे सुमारे तेराशे पासष्ट चिन्हे, या अंकाचे जेमतेम एक पान. कारागिरी म्हणून ही गोष्ट थोरच.

१९७५च्या जूनमध्ये मिट्सची प्रदर्शनाची गाडी पालो आल्टोच्या एका हॉटेलात आली. तिथे अल्टेअर बेसिकवर चालत होता. ज्यांनी पैसे भरूनही महिनोन्‌महिने बेसिक मिळाले नव्हते असे लोक पाहायला आले होते. जवळच छिद्रे पाडलेल्या कागदी फितीची एक गुंडाळी पडली होती. ती कुणीतरी उचलली. डॅन सोकोल नावाच्या सभासदाने कामाच्या ठिकाणच्या यंत्रावर तिच्या नकला काढल्या आणि पुढच्या सभेत पेटीभर आणल्या. अट एकच : एक नेणाऱ्याने दोन करून आणायच्या. पोथी नकलून घेणाऱ्याने दुसऱ्यास नकलू द्यावी, ही रीत आपल्याकडे किती शतके चालली! आणि पोथीचा कर्ता रागावला असेही कधी ऐकिवात नाही. पण इथे कर्ता हयात होता, वीस वर्षांचा होता आणि त्याला धंदा करायचा होता.

३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे गेट्सचे खुले पत्र हौशी मंडळींच्या वार्तापत्रांतून छापून आले. त्याचा आशय असा : आमच्या बेसिकची सगळे वाखाणणी करतात, पण अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी ते विकत घेतले आहे. त्यावर वापरलेला संगणकाचा वेळच ४०,००० डॉलर किमतीचा होतो, आणि मिळालेल्या मोबदल्याचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. यंत्राचे पैसे द्यायचे आणि आज्ञावली मात्र वाटून घ्यायची, ही चोरी आहे.

सभेला याचा भयंकर राग आला. मला मात्र दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी रागावतो, आणि त्याच्या वडिलांचा पगार ठाऊक असल्यामुळे पुढच्या क्षणी गप्प बसतो. गेट्सने रात्री जागून केलेले काम त्याचेच होते. उलट बाजूने, ज्या भाषेचा तो दुभाषा विकत होता ती भाषा डार्टमथच्या दोन मास्तरांनी जगाला फुकट दिली होती. शिवाय यंत्राबरोबर बेसिक घेतले तर स्वस्त आणि सुटे घेतले तर ५०० डॉलर, म्हणजे पेटीपेक्षा दुभाषा महाग! मालकी भाषेची की दुभाष्याची, हा प्रश्न तेव्हापासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही.

या भांडणातून नुसती भांडाभांडी निघाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पत्र येण्याआधीच आल्ब्रेख्तच्या मंडळींनी स्टॅनफर्डच्या डेनिस ॲलिसनला गळ घातली होती की, मुलांना पुरेल एवढे छोटे बेसिक कसे रचावे ते लिही. त्याने वार्तापत्रात आराखडा दिला, वाचकांनी तो पुरा करायचा. टेक्सासमधल्या टायलर गावच्या डिक व्हिपल आणि जॉन अर्नल्ड या दोघांनी १९७५ संपताना आपला चालता दुभाषा पाठवून दिला. अशी उत्तरे इतकी येऊ लागली की, जानेवारी १९७६ मध्ये त्यांच्यासाठी 'डॉ. डॉब्ज जर्नल' हे नियतकालिकच निघाले. होमब्रूच्या टॉम पिटमनने आपले 'टायनी बेसिक' पाच डॉलरला विकायला ठेवले. किंमत इतकी कमी की चोरण्याचा त्रास कशाला घ्यावा. मित्राकडून नक्कल मिळालेल्या काहींनी मागाहून पाच डॉलर पाठवून दिले म्हणतात. लि-चेन वांगने तर आपल्या बेसिकवर 'सर्व हक्क स्वाधीन' या अर्थाच्या नेहमीच्या इंग्रजी ओळीऐवजी 'सर्व चुका स्वाधीन' अशा अर्थाची कोटी छापली.

याच सभांत एक लाजाळू तरुण येत असे. स्टीव्ह वॉझ्नियाक. दिवसा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी. तो पहिल्या सभेलाही गॅरेजात होता, आणि आपल्याला यातले काही कळत नाही असे वाटून बिचकला होता. तिथे हाती आलेला एका सूक्ष्मप्रक्रियकाचा माहितीचा कागद त्याने घरी नेऊन वाचला, आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झाले. त्याला चारचौघांत उभे राहून बोलता येत नसे. पण यंत्र बनवले तर लोक आपणहून येऊन विचारतील, हे त्याने ओळखले होते. वीस डॉलरचा प्रक्रियक घेऊन त्याने पडदा नि कळफलक जोडता येईल असा संगणक केला. त्यासाठी बेसिकही स्वतःच लिहिले. मोठ्या संगणकाचा वेळ विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून वहीत हाताने, एकेक आज्ञा नि तिचा आकडा मांडत. दर सभेला तो ते यंत्र आणून मांडे, आणि त्याच्या जोडणीच्या आराखड्याच्या नकला फुकट वाटे. ज्याला हवे त्याने बनवावे. हे विकता येईल ही कल्पना त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्जची. १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल कंपनी निघाली. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे विधान पुराव्यानिशी खरे ठरले. क्लब नसता तर ते यंत्रच झाले नसते, असे वॉझ्नियाकने पुढे स्वतः सांगितले आहे. गंमत अशी की, नंतर ॲपलनेही आपल्या यंत्रासाठी एक बेसिक गेट्सच्याच कंपनीकडून घेतले.

आणि फ्रेड मूर? पहिली वार्तापत्रे त्याने काढली, याद्या केल्या, घेणाऱ्याने देतही जावे म्हणून तो सभेला विनवत राहिला. क्लब यंत्रांत रमला, त्याच्या याद्यांत नाही. वर्षभरातच तो बाजूला झाला. १९९७ मध्ये मोटार अपघातात तो गेला. ज्यांच्या नावाने कंपन्या निघाल्या त्यांची चरित्रे बाजारात ढिगाने आहेत. खुर्च्या मांडणाऱ्याचे चरित्र सहसा कुणी लिहीत नाही.

क्लब १९८६च्या डिसेंबरपर्यंत चालला. सभा मात्र थांबल्या नाहीत. त्यांची घरे बदलली. १९९४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये पायथनवाल्यांची पहिली कार्यशाळा भरली, तिला सुमारे वीस माणसे होती. भाषेचा कर्ता ग्विडो व्हॅन रॉसम हॉलंडहून आला होता. २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भारतातली पहिली पायथन परिषद झाली. तिथून आमच्या गावापर्यंत अजगर यायला चौदा वर्षे लागली, आणि तो शाळेच्या दारातून परत गेला होता.

२०२४च्या जूनमध्ये मी स्वतः फोन केला. पलीकडून मुलगी म्हणाली, "वाळला का सर रंग?" मी म्हटले, "वाळला. या."

जुलैमधल्या दुसऱ्या रविवारी तेवीस माणसे आली. वक्ता धारवाडचा एक तरुण. विषय होता, हजारो ओळींच्या हिशेबाच्या तक्त्यांतून चुका कशा शोधाव्यात. कार्यक्रमाची भाषा कोणती, यावर आदल्या आठवड्यात तिघांत बरीच खलबते झाली होती. मराठी ठेवावी तर वक्ता कन्नड, कन्नड ठेवावी तर निम्मी मुले आमच्या शाळेची. शेवटी जाहिरातीत इंग्रजी लिहिले. मी एकच गोष्ट सुचवली. आधी फेल्सेनस्टाइनचा नकाशा काढा, आणि प्रत्येकाला ज्या भाषेत अडले आहे त्या भाषेत सांगू द्या. काठी नव्हती, भूगोलाच्या वर्गातली दर्शक-छडी दिली.

पहिली दहा मिनिटे सगळे इंग्रजीत नाव नि कंपनी सांगत होते. मग छडी मागच्या रांगेतल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांकडे गेली. ते एका पतसंस्थेत कारकून. मराठीत म्हणाले, "माझ्याकडे द्यायला काही नाही. आमच्याकडे दोन वह्या आहेत, एक मराठी नावांची, एक कन्नड नावांची. माणूस एकच असतो, पण नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले असते. मार्चअखेरीला बेरीज जुळत नाही. हे तुमच्या भाषेने जुळते का, एवढे विचारायला आलोय." धारवाडच्या तरुणाने आपला संगणक मिटला आणि त्यांना कन्नडमध्ये विचारले, वह्या बरोबर आणल्यात का? त्यांनी पिशवीतून काढल्या. चारपाच जणांनी खुर्च्या ओढल्या. ठरलेले व्याख्यान झालेच नाही.

शिपाई एक वाजता दाराशी येऊन उभा राहिला. त्याला घरी जायचे होते. मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली आणि चहा आणखी दहा कप सांगायला पाठवले.